पाठमोरी दुपार

परीक्षा आली की आमच्या कॉलेजला आधी वास येतो. बाकांवर नंबर टाकायला भिजवलेल्या खडूचा, व्हरांड्यात उडून आलेल्या लाल मुरुमाच्या धुळीचा, आणि मागच्या कडुलिंबाच्या फुलांचा. मग पोरं दिसतात. एरवी घोळक्यानं हुंदडणारी पोरं एकेकटी भिंतीला कपाळ टेकवून पुटपुटत असतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या इमारतीत काहीतरी संचारलंय.

कालपासून तो वास पुन्हा सुटलाय. आणि वास सुटला की माझी मान आखडते. डॉक्टर म्हणतात मणका. सुनंदा, म्हणजे आमच्या घरातली, म्हणते, "मणका न्हाई, पाप हाय ते." दोघांचंही थोडं थोडं बरोबर असावं.

मी ग्रंथपाल आहे. हा शब्द मला फार आवडतो. ऐकताना एखादा किल्लेदार डोळ्यांपुढं येतो. प्रत्यक्षात माझ्या ताब्यात दोन खोल्या, अकरा लोखंडी कपाटं आणि एक पंखा आहे. पंखा फिरताना सतत नाही-नाही म्हणून मान हलवतो. वीस-बावीस वर्षं त्याच्याखाली बसून मलाही तीच सवय लागलीय, असं माझ्या लेकी म्हणतात. घरात चार पाहुणे जमले, की ही पुढची गोष्ट मीच सांगायची असा रिवाज पडलाय. मी सांगतो तेव्हा डब्याला बांधलेली लिंबं तीन असतात. सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडते, "एकच होतं! वाढवून सांगू नगा." म्हणून इथं लिहिताना एकच लिहितो. लिहिलेलं राहतं.

राजेश्वर गावाच्या पुढं फाट्यावरून आत वळलं की आमचं कॉलेज. इमारत निजामाच्या काळातली, करोडगिरीची, म्हणजे जकात घेणाऱ्यांची. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून, त्याचं गाठोडं सोडून बघायचं, एवढ्याचसाठी बांधलेली. भिंती हातभर जाड. व्हरांडा असा लांब आणि पोकळ की माणसाआधी त्याची पावलं पोचतात. कधी कधी नुसती पावलंच पोचतात, माणूस येतच नाही. नवीन असताना मी दोन-तीनदा उठून बघायचो. मग बघायचं सोडून दिलं.

माझ्या आतल्या खोलीत भिंतीतच एक मोठं फडताळ आहे. त्यात रोज सकाळी सहा-सात डबे येऊन बसतात. कॉलेजातल्या सहा-सात घरांतून, आपल्या डब्यासोबत एक जादा. सव्वाबारा ते एक या वेळात, ज्याच्या पोटात सकाळपासून काही नाही त्यानं यावं, खावं, डबा धुऊन उपडा ठेवावा आणि जावं. अर्ज नाही, सही नाही, नाव नाही. नियम एकच. तेवढा वेळ ग्रंथपालानं खुर्ची खिडकीकडं फिरवून, खोलीला पाठ करून बसायचं.

ही रीत घातली आमच्या जुन्या शिपायानं. त्याला सगळे मुत्या म्हणत. आमच्या मराठी-कन्नड सीमेवर आजोबाला मुत्या म्हणतात, आणि तो जन्मापासून आजोबाच असावा असा दिसायचा. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दासोह चाललेला. दारी आलेल्याला जेवू घालायचं आणि तू कोण, कुणाचा, असं विचारायचं नाही. तेच त्यानं कॉलेजात आणलं. मी रुजू झालो त्या आठवड्यात भर दुपारी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सर, खुर्ची फिरवा."

"कामून?"

"पोरं जेवायला यायल्यात."

"येऊ द्या की मुत्या. मी काय त्यांना खातोय?"

"तुम्ही खात न्हाई. तुमचं डोळं खातंय."

मी खुर्ची फिरवली. मुत्या आता नाही. खुर्ची मात्र रोज सव्वाबाराला आपोआप फिरल्यासारखी फिरते.

बायकांना बस फुकट झाली तेव्हापासून नदीकाठच्या, तांड्यावरच्या मुली कॉलेजात जास्त दिसायला लागल्या. आधारकार्ड दाखवायचं आणि बसायचं. भुकेपुढं मात्र काही दाखवून चालत नाही. शिष्यवृत्ती येते, पण ती पावसासारखी. आली तर आली, आणि कधी येईल ते आभाळालाच ठाऊक. पहाटे दुसऱ्याच्या रानात खुरपून, घरी आजाऱ्याचं करून, साडेदहाच्या तासाला येऊन बसणाऱ्या मुली मी पाहिल्यात. म्हणजे, पाहिल्या नाहीत. ऐकल्यात.

कारण पाठ करून बसलं की माणसाचे कान पाठीवर येतात. आमच्याकडं भुतं रात्रीची फारशी नसतात, भर दुपारची असतात. बारा ते एक या वेळात जुन्या बायका विहिरीवर जात नाहीत. आणि नेमक्या त्याच वेळात मी खिडकीकडं तोंड करून बसलेला असतो. समोर काढलेल्या तुरीची धसकटं, दोर नसलेली विहीर, तिच्यावर थरथरणारी हवा. एक घार एकाच जागी टांगल्यासारखी. आणि मागं, मानेच्या केसांपासून दोन हातांवर, कुणीतरी गप्प घास गिळतंय. तो गिळल्याचा आवाज तुम्ही एकदा ऐकलात की विसरत नाही. कोण आहे, ते बघायचं नाही. आपल्यामागं कोण आहे हे माहीत नसताना, अंगसुद्धा न हलवता पाऊण तास बसून राहणं, याचा पगार मला वेगळा मिळायला हवा होता.

काही दिवसांत पावलं ओळखू यायला लागली. एक धावत येणारं. एक फार हळू, जणू फरशीची माफी मागत येणारं. आणि त्या वर्षी, तीनेक वर्षांमागच्या परीक्षेच्या तोंडावर, एक नवीन. टप्… स्स्स. टप्… स्स्स. एक पाऊल पडायचं, दुसरं घासत यायचं. पहिल्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला हे कबूल करतो. घरी सांगताना मी म्हणतो, मला लगेच कळलं की चपलेचा अंगठा तुटलेला असणार. खोटं आहे. मला तेव्हा वाटलं होतं, करोडगिरीचा कुणीतरी जुना शिपाई परत आलाय.

त्याच दिवशी संध्याकाळी सुनंदानं आमचा जादा डबा पिशवीतून काढला आणि तो वाजला. झाकण उघडलं. डबा लख्ख धुतलेला, कोरडा, आणि तळाशी एक दगड. करडा, गुळगुळीत, सुपारीएवढा.

"हे काय?"

"पडला असेल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बाकी कुणाच्या डब्यात नाही, फक्त आमच्या. दगडावर धुळीचा कण नसायचा. आमच्या भागातला दगड लाल, भोकाभोकाचा, हातात घेतला तरी बोटं रंगतात. हा वेगळा होता. कुणीतरी मुद्दाम निवडून आणलेला, धुतलेला, पुसलेला.

"कुणाचं काय वाकडं केलाव?" सुनंदानं विचारलं.

"मी? मी तर पुस्तकाचा दंडसुद्धा माफ करतो."

"तेच तर म्हणायलेय. असल्या माणसालाच करणी लौकर लागती."

माझी बायको बी.एस्सी. आहे, हे इथं सांगितलं पाहिजे. तिनं चौथ्या दिवशी चारही दगड, आणि पुढं रोजचा एकेक, चिमट्यात धरून कुंपणापलीकडं, कडुलिंबाच्या बुडाशी फेकला. डबा मीठ-हळदीनं घासला. आणि सहाव्या दिवशी डब्याच्या कडीला दोऱ्यानं एक लिंबू आणि दोन मिरच्या बांधल्या. एकच लिंबू. पण डब्यात भाकरी तितकीच घातली, वर वांग्याची भाजी, आणि शेंगदाण्याची चटणी चांगली मूठभर.

"अगं, करणी करणाऱ्याला जेवण?"

"करणी करणाऱ्याला बी भूक लागतीच की."

लिंबू बांधून गेलेला डबा लिंबासकट परत आला. आत दगड. मला झोपेतही डबा वाजल्याचा भास व्हायला लागला. जेवताना, पुस्तक देताना, दाढी करताना. टप्… स्स्स. खण्ण.

"बघा तरी एकदा, कोण हाय ते," सुनंदा म्हणाली.

"बघायचं नसतं."

"मग नगा बघू. पण कळलं पाहिजे."

नवव्या दिवशी मी मान वळवली नाही. या एका गोष्टीवर मी पुष्कळ दिवस टेकून राहिलो, की मी मान वळवली नव्हती. मी फक्त खिडकीशेजारच्या कपाटाचं काचेचं दार जरा उघडं ठेवलं. जरा म्हणजे, खुर्चीत बसून तीनदा तपासून, जेवढं हवं तेवढं.

काचेत आधी माझंच तोंड दिसलं, घाबरट. मग त्याच्यामागं पिवळी ओढणी. ती उभ्यानंच खात होती, भराभरा, दाराकडं डोळे लावून. खाऊन झाल्यावर माठातलं पाणी घेऊन तिनं डबा धुतला. ओढणीच्या टोकानं पुसला. मग त्याच टोकाची गाठ सोडून तिनं एक दगड काढला. तोही धुतला, पुसला, आणि डब्यात असा ठेवला, की आवाज होऊ नये. निजलेल्या लेकराला खाली ठेवतात तसा.

आणि तिनं वर पाहिलं. काचेत. तिचा चेहरा आणि माझा चेहरा काचेत एकाच जागी होते, एकावर एक. माझ्या चष्म्यातून तिचे डोळे माझ्याकडं बघत होते. कितीसा वेळ गेला असेल? घार हललीसुद्धा नाही. मग काचेत नुसता मी उरलो. पावलं वाजली नाहीत. एवढ्या पोकळ इमारतीत एक मुलगी दारातून बाहेर पडली, व्हरांडा ओलांडून गेली, आणि काहीच वाजलं नाही. तिनं चपला हातात घेतल्या असणार, हे मला फार उशिरा सुचलं. तेव्हा वाटलं, ती भिंतीत शिरली.

दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला मी खुर्ची फिरवली आणि मागं काहीच झालं नाही. धावतं पाऊल नाही, माफी मागणारं नाही. एक वाजला. मी वळलो. सात डबे, सातही भरलेले, फडताळात ओळीनं बसून माझ्याकडं बघत होते. तिसऱ्या दिवशीही तेच. उन्हात भाजी आंबायची, त्या वासानं खोली भरून जायची. पोरांना कुणी काही सांगितलं होतं का, ठाऊक नाही. पण मुत्यानं मुरवत आणलेली गोष्ट मी एका काचेच्या दारानं मोडली होती, आणि हे सगळ्या इमारतीला कळलेलं होतं. पंखासुद्धा माझ्याकडं बघून मान हलवायचा.

चौथ्या दिवशी परीक्षा सुरू झाली. आणि गंमत बघा, त्या वर्षी मला काम काय मिळालं? हॉलच्या दारात उभं राहून हॉलतिकिटावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवणं. करोडगिरीवाल्यांचंच काम. वीस वर्षं पाठ करून बसलेल्या माणसाला आता एकेका पोराच्या तोंडाकडं निरखून बघायचं होतं, आणि माझ्या डोळ्यांना डोळा दिल्याशिवाय कुणालाही आत जाता येणार नव्हतं.

घंटा झाली. पेपर वाटले गेले. एक बाक रिकामा. परीक्षेला मुलगा गैरहजर राहिला तर तो पुढच्या खेपेला बसतो. मुलगी गैरहजर राहिली तर बहुतेक वेळा पुढच्या खेपेला तिची पत्रिका येते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की रिकामा बाक दिसला, की मला तो हळदीनं माखलेला दिसतो.

आणि मग व्हरांड्याच्या पार त्या टोकाला वाजलं. टप्… स्स्स. टप्… स्स्स. जवळ आलं. हॉलमधली पोरं माना खाली घालून लिहीत होती, कुणी वर बघितलं नाही. जणू ते मला एकट्यालाच ऐकू येत होतं. शेवटच्या खांबापाशी थांबलं. मी दारातून बाहेर धावलो. कुणी नव्हतं. रात्री सुटलेल्या वाऱ्यानं फरशीवर धूळ पसरली होती, आणि त्या लाल धुळीत एक पाऊल, एक रेघ, एक पाऊल, एक रेघ, अशी खूण खांबापर्यंत आलेली आणि खांबाला वळसा घालून परत गेलेली. मी तिच्यावर पाय न देता कडेकडेनं फाटकापर्यंत गेलो. पुढं डांबरी रस्ता. डांबरावर काही उमटत नाही.

घरी आलो तेव्हा सुनंदा दारात उभी होती, हातात वाटी. शेजारच्या अक्कांना आम्ही आदल्या दिवशी आमटी दिली होती. ती वाटी त्यांनी परत पाठवली होती, तळाशी गुळाचा खडा घालून. सगळेच घालतात. साखर घालतात, गूळ घालतात, काही नसेल तर चार दाणे तांदूळ. रिकामं भांडं कुणाच्या घरी परत पाठवत नाहीत.

सुनंदा वाटीकडं बघत होती.

"अहो," ती म्हणाली. आणि वाटी माझ्यापुढं धरली.

माझ्या डोक्यात उजेड पडायला मला अजून दोन श्वास लागले. तोवर ती अनवाणी, तापलेल्या मातीवरून कुंपणापलीकडं गेली होती आणि कडुलिंबाच्या बुडाशी बसून पाचोळा उचकत होती. नऊ दगडांपैकी आठ सापडले. तिनं ते पदरात घालून आणले, पाण्यात धुतले, आणि पहिल्यांदाच, चिमट्यानं नाही, हातात घेऊन पाहिले.

"ही मांजरा नदीची गोटी हाय," ती म्हणाली. "माझ्या माहेरच्या पाण्यातली. मी ह्याच्यानं खेळलेय. आणि मला कळलं न्हाई."

नदीकाठच्या एकाच गावाहून आमच्या फाट्याला बस येते. दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता. डबा घेऊन आम्ही त्या बसमध्ये बसलो. सुनंदाला फुकट, मला तिकीट. त्यावर ती एरवी बोलल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी तिचं सगळं लक्ष डब्याकडं होतं.

गावाच्या तोंडाशी बाभळीच्या सावलीत एक म्हातारी शेळ्या घेऊन बसलेली. सुनंदानं नाव विचारलं नाही. "पिवळ्या ओढणीची, कॉलेजला जाती ती पोरगी कुठं राहती, आज्जी?"

"भीमनगरातली व्हय? खालच्या अंगाला, नदीकडं तोंड करून घर हाय. आई कंबर मोडून पडलीय की गं तिची. पोरगी कालपास्नं भाईर न्हाई." मग आवाज उतरवून, "मामा सोलापूरचा सांगून गेलाय. पेपर दिलीस तर दिलीस, न्हाई तर मिरगाच्या आत लगीन. बिजवर बघून ठेवलाय. काल बिनपेपराची परत आली म्हणं."

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या चपलांकडं.

घराचं दार अर्धं लोटलेलं. आत अंधार, बाहेर पांढरं ऊन. समोर मांजरा, उन्हाळ्यातली, वाळलेल्या पात्रात एवढीशी रेघ आणि भोवती गोट्याच गोट्या. वस्तीत माणूस दिसेना. कुत्रंही भुंकलं नाही. हाक मारायला मी तोंड उघडलं, तर सुनंदानं हात धरला. डबा उंबऱ्याजवळ ठेवला आणि अंगणाच्या कडेला जाऊन बसली.

"बसा. पाठ करून."

"इथं?"

"मग कुठं? तुम्हाला वीस वर्षांची सवय हाय, मला न्हाई. बसा."

बसलो. दोन मध्यमवयीन माणसं, भर बाराच्या उन्हात, परक्याच्या अंगणात, त्याच्याच घराला पाठ करून, नदीकडं तोंड लावून. कुणी बघितलं असतं तर त्यानंच लिंबू-मिरची उतरवून टाकली असती. मागं काहीच वाजत नव्हतं. पण कुणीतरी आहे, हे कळत होतं. खोलीतल्यासारखंच. मानेचे केस सांगतात.

"मांजरे," सुनंदा नदीला म्हणाली, मोठ्यानं. "उद्या पेपर हाय म्हणं."

"राज्यशास्त्राचा," मी नदीला सांगितलं.

"एक बुडाला तर बुडाला. तो परत देता येतो. व्हय की न्हाई?"

"येतो. पुरवणीला. अर्ज मी भरून देईन."

एक टिटवी ओरडून गेली. मग मागं, अगदी हळू: टप्… स्स्स. दाराची कडी हलली. मी गुडघे घट्ट धरून बसलो.

"सर दारात उभं ऱ्हात्यात." आवाज बारीक, आणि अगदी माझ्या पाठीशी. "तोंड बघत्यात."

"ऱ्हातील," सुनंदा नदीला म्हणाली. "पण पाठ करून ऱ्हातील. फोटो दुसरं कुणी बी जुळवंल. ह्यांना तसं बी धड दिसत न्हाई."

मग, "डब्याला लिंबू बांधलं होतं."

सुनंदाची मान खाली गेली.

"मला वाटलं, आमची दिष्ट लागंल म्हणून बांधलंय. आमची म्हणून."

या एका वाक्यात काय काय होतं, ते सांगायला मी पुस्तकं सांभाळणारा माणूस कमी पडतो. त्या घराचा निळा रंग मी येताना पाहिला होता. सुनंदाच्या हातून भाकरी घेणारी ती, आणि कडीला लटकलेलं ते लिंबू, यांच्यामध्ये किती जुनी वाट होती. आणि आम्हाला ती दिसली नव्हती. आम्ही दगडाला भ्यालो होतो.

"दगडाला भ्याले गं मी," सुनंदा नदीला म्हणाली. "मला वाटलं, कुणी करणी केली. माझी अक्कल गेली होती चरायला. तुझी दिष्ट न्हाई, बाई. माझीच."

मागून उत्तर आलं, इतकं साधं की मी अजून कधी कधी दुपारी ते ऐकतो.

"घरात साखर नव्हती."

मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. आतून एक दुसरा, खोल, बाईचा खोकला. घास. आणखी एक घास, तो आत कुणालातरी भरवलेला. पाणी. आम्ही हललो नाही. सावली पायांखालून एक वीत सरकली. उठलो तेव्हा डबा आमच्या मागं, हाताच्या अंतरावर, उपडा नाही, सुलटा, झाकण लावून ठेवलेला होता. सुनंदानं उचलला. तो वाजला. बसमध्ये तिनं तो उघडला नाही, मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली.

दुसऱ्या दिवशी मी हॉलच्या दारात शेताकडं तोंड करून उभा राहिलो. प्राचार्य येऊन विचारून गेले. मी म्हणालो, मान आखडलीय. फोटो कन्नड शिकवणाऱ्या बाईंनी जुळवले. पोरं एकेक करून माझ्या पाठीमागून आत गेली. घंटेला दोन मिनिटं असताना व्हरांड्याच्या टोकाला वाजलं. खांबापाशी आलं. थांबलं. मी धसकटं मोजत होतो. एका ओळीत किती होती ते विचारू नका, दर वेळी वेगळी आली. मग टप्… स्स्स, माझ्या अगदी मागून, आणि बाईंचा आवाज, "होगम्मा, जा आत." आणि बाक सरकल्याचा आवाज. एवढा गोड आवाज मी लग्नात सनईचाही ऐकला नव्हता. हे सुनंदाला सांगू नका.

बुडालेला पेपर तिनं पुरवणीला दिला. निकालाच्या यादीत तो नंबर मला दिसला. नाव मी आजवर वाचलेलं नाही. यादीवर बोट ठेवलं की नावावर हात येईल असं धरतो. फडताळ हळूहळू पुन्हा जागं झालं. आधी माफी मागणारं पाऊल आलं, मग धावतं. घासणारं मात्र पुन्हा आलं नाही.

यंदा सुनंदा थोरलीच्या बाळंतपणाला हैदराबादला गेलीय, दीड महिना झाला. फडताळात मी केळी ठेवतो. स्वयंपाकातलं मला तेवढंच सोलता येतं. स्वतः बिस्किटं खातो. फोनवर ती विचारते, "जेवलाव?" मी म्हणतो, "व्हय." ती म्हणते, "खोटं." मग दोघं नातवाबद्दल बोलतो.

तर काल. सव्वाबाराला खुर्ची फिरवली. पावलं आली, गेली. केळी कुणी घेत होतं, सालीचा आवाज येत होता. एकाला पाच कमी असताना खोली रिकामी झाली. घार होती. विहिरीवर हवा थरथरत होती. आणि व्हरांड्यात टकटक वाजलं. नवी सँडल, कडक तळ. माझ्या ओळखीचं नव्हतं. पण दोन पावलांच्या मध्ये, कुठंतरी, अर्ध्या श्वासाएवढा उशीर होता. चप्पल बदलली तरी पाय कधी कधी जुनीच चाल चालतो.

ते फडताळापाशी थांबलं नाही. सरळ माझ्या खुर्चीमागं आलं. माझ्या मानेवरचा एकेक केस उभा राहिला. काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. भाकरीचा वास आला, गरम, आणि लसणाच्या चटणीचा. मग टकटक दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. बाहेर पडली नाही.

एक वाजेपर्यंत मी हललो नाही. मग वळलो. टेबलावर एक डबा होता. आणि दारात, पांढऱ्या उन्हाच्या चौकटीत, एक बाई उभी होती. खांद्याला पिशवी. माझ्याकडं पाठ करून. ती व्हरांड्याकडं बघत होती, आणि तिची मान तसूभरही हलत नव्हती.

माझी भूक ती काय भूक. बायको लेकीकडं गेलेल्या माणसाची भूक. तरी पहिला घास मी गिळला तेव्हा त्याचा आवाज मला ऐकू आला, आणि तो दारापर्यंत गेला असणार हेही कळलं. इतक्या वर्षांत मला प्रथमच कळलं, की समोरच्याची पाठ किती मोठी असते. तिच्याआड माणूस पोटभर जेवू शकतो. माझ्या केळ्यांची बातमी नदीपर्यंत कशी गेली, हे विचारायचं मनात आलं. विचारलं नाही.

डबा माठाच्या पाण्यानं धुतला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. टेबलाचा खण उघडला. त्या दिवशी मांजरेकाठून वाजत आलेला दगड तिथं कागदांवर ठेवलेला असतो. तो धुतला, पुसला, डब्यात ठेवला. आवाज होऊ नये असा. झाकण लावलं. डबा फडताळात ठेवून मी खुर्चीत बसलो आणि खुर्ची खिडकीकडं फिरवली.

टकटक आत आली. डबा उचलला गेला. कुणीतरी तो कानाशी धरून हलवून बघितल्यासारखं. मग पावलं दाराबाहेर पडली, आणि त्यांच्याबरोबर तो दगड, खण्ण, खण्ण, पत्र्याच्या आत, व्हरांड्यातून, खांबावरून, फाटकाकडं. पावलं डांबरावर विरली. दगड मात्र त्यानंतरही बराच वेळ ऐकू येत होता.